टाकून दिलेल्या तुकड्यांचा इतिहास

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

चित्रपटाच्या एडिटिंगला मराठीत आपण ‘संकलन’ म्हणतो. शब्द छान आहे, पण थोडा फसवा आहे. संकलन म्हणजे गोळा करणे, एकत्र आणणे. प्रत्यक्षात संकलकाचा दिवस जातो टाकून देण्यात. दहा तासांचे चित्रण समोर येते, त्यातून दोन मिनिटे ठेवायची आणि बाकीचे बाजूला सारायचे. मी कविता लिहितो, त्यामुळे हे काम मला परके वाटत नाही. वहीत खोडलेल्या ओळी छापलेल्या ओळींपेक्षा नेहमी जास्त असतात. आणि गझलेच्या शेरात दोन ओळी शेजारी ठेवल्या की दोन्हींत नसलेला तिसराच अर्थ उभा राहतो. संकलकही तेच करतो. फरक एवढाच की माझा शेर फसला तर मुशायऱ्यात दाद मिळत नाही. त्याचा ‘शेर’ जमला तर मतदारसंघाचा निकाल फिरतो, असे निदान त्याला पैसे देणारे मानतात.

आज मला बोलायचे आहे ते या माणसाबद्दल. निवडणुकीच्या प्रचाराची चित्रफीत जो कापतो, जोडतो, तिला आवाज आणि संगीत चढवतो, आणि श्रेयनामावलीत ज्याचे नाव कधीच येत नाही, त्याच्याबद्दल.

वालचंदनगरच्या माणसाने हा विषय का घ्यावा, असे तुम्ही म्हणाल. आमचे गाव तसे यंत्रांचे. सोलापुरात १८८२ साली जन्मलेले शेठ वालचंद हिराचंद यांनी इंदापूर तालुक्यात, नीरेच्या काठी कळंबजवळ साखर कारखाना उभा केला आणि माळरानावर वसाहत वसवली. पुढे इथेच साखर कारखान्यांची यंत्रे बनू लागली आणि अवकाश संशोधनाच्या रॉकेटांचे भागही. पण इंदापूर तालुका बारामती लोकसभा मतदारसंघात येतो, हे विसरू नका. ऊस आणि निवडणूक ही आमच्याकडची दोन मोठी पिके. एक वर्षभर उभे असते, दुसरे पाच वर्षांनी येते, आणि दोन्हींवर बऱ्याच जणांचे पोट चालते. माझ्या वसाहतीतला, माझ्या वर्गातला एक मुलगा याच दुसऱ्या पिकावर जगला. वडील कारखान्यात फिटर, हा पुण्यात व्हिडिओ एडिटर. त्याचे नाव मी सांगत नाही. त्याच्या धंद्यात नाव न सांगण्याचीच रीत आहे. त्याच्याकडून ऐकलेल्या आणि मी वाचलेल्या गोष्टी मिळून हा इतिहास सांगतो.

सुरुवात थेट १९०१ सालापासून करू. केंब्रिजमध्ये सीनियर रँग्लर झालेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे त्या वर्षी मायदेशी परतले. मुंबईत त्यांचे स्वागत झाले, ते हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी कॅमेऱ्यात टिपले. भारतीय माणसाने केलेल्या वार्तापटांत याची गणना अगदी पहिल्यांमध्ये होते. पारतंत्र्यात एका हिंदी विद्यार्थ्याने इंग्रजांना त्यांच्याच गणितात मागे टाकले, ही गोष्ट पडद्यावर दाखवणे हे वरवर साधे, पण आतून राजकीयच काम होते. मात्र त्यात कापाकापी नव्हती. कॅमेरा फिरवायचा आणि आले ते दाखवायचे. दोनच वर्षांनी, १९०३ मध्ये, त्याच सावेदादांनी लॉर्ड कर्झनचा दिल्ली दरबारही चित्रित केला. म्हणजे पडदा कुणाचाही होऊ शकतो, हे पहिल्या दोन-तीन वर्षांतच दिसून आले.

कापण्याची ताकद जगाला कळली ती रशियात. १९१७ च्या क्रांतीनंतरच्या काळात लेव कुलेशोव या तरुण दिग्दर्शकाने एका नटाचा निर्विकार चेहरा घेतला. त्या चेहऱ्यापुढे एकदा सुपाची वाटी जोडली, एकदा शवपेटी, एकदा एक स्त्री. प्रेक्षक म्हणाले, काय अभिनय केलाय! भूक काय, शोक काय, अभिलाषा काय! चेहरा तिन्ही वेळा तोच होता. अर्थ चेहऱ्यात नसतो, शेजारच्या तुकड्यात असतो, हा धडा तिथून जगभर गेला. जाहिरातवाल्यांनी तो सगळ्यात आधी गिरवला आणि राजकारणी त्यांच्या मागोमाग आले.

आपल्याकडे मात्र राजकीय कात्री आधी सरकारच्याच हातात होती. कोल्हापुरात १९२९ साली स्थापन झालेल्या प्रभात कंपनीने शिवरायांवर एक मूकपट केला. नाव ठेवले ‘स्वराज्याचे तोरण’. ‘स्वराज्य’ हा शब्द इंग्रज सेन्सॉरला खपेना. कापाकाप झाली, नाव बदलले आणि १९३० मध्ये तो ‘उदयकाल’ म्हणून लागला. गंमत बघा, सेन्सॉरने शब्द काढला म्हणून तो शब्द लोकांच्या तोंडी अधिकच बसला. पुढे दुसऱ्या महायुद्धात सरकारला स्वतःचा प्रचार करायचा होता, म्हणून १९४० मध्ये फिल्म अ‍ॅडव्हायजरी बोर्ड निघाले. त्याचे मुख्य निर्माते म्हणून काही काळ ‘उदयकाल’च्याच शांतारामबापूंना बोलावण्यात आले. १९४३ मध्ये इन्फर्मेशन फिल्म्स ऑफ इंडिया आली आणि १९४६ मध्ये बंदही झाली. त्यामुळे १५ ऑगस्ट १९४७ चा सोहळा टिपायला सरकारचे स्वतःचे वार्तापट खातेच शिल्लक नव्हते. १९४८ मध्ये मुंबईत फिल्म्स डिव्हिजनची स्थापना झाली आणि देशभरच्या पडद्यांना एक नवा आवाज मिळाला.

माझ्या पिढीला तो आवाज पाठ आहे. जत्रेतला तंबू असो की पक्के थिएटर, मुख्य सिनेमाआधी वार्तापट दाखवणे परवान्याच्या अटीनुसार सक्तीचे होते. धरणाचे उद्घाटन, पंतप्रधानांचा परदेश दौरा, पूर, मग क्रिकेट. लोक तेवढ्यात भेळ घेऊन यायचे. त्याला कुणी राजकीय जाहिरात म्हणत नव्हते, पण कोणते धरण दाखवायचे आणि कोणता दुष्काळ वगळायचा हे कुणीतरी ठरवतच होते. माझे वडील लेथवर काम करायचे. पडद्यावर कारखान्याची चित्रे आली की ते म्हणायचे, “मशीन चालू दिसतेय, पण पाळी बदलताना कधी दाखवत नाहीत.” संकलनावरची मी ऐकलेली ती पहिली टीका.

त्या काळी हे काम हाताचे होते, अगदी सुताराच्या कामासारखे. फिल्मची पट्टी टेबलावरच्या यंत्रातून सरकवायची, मेणाच्या पेन्सिलने खूण करायची, कापायची आणि चिकटपट्टीने जोडायची. नको असलेले तुकडे फेकायचे नाहीत. कापडाच्या पिशवीवर खिळ्यांना टांगून ठेवायचे, कारण उद्या दिग्दर्शक म्हणेल, तो कालचा तुकडा परत लावा. पुण्यात प्रभातच्याच जागेत १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली आणि हे काम शाळेत शिकवले जाऊ लागले. ते टांगलेले तुकडे लक्षात ठेवा. शेवटी मी त्यांच्याकडेच येणार आहे.

आणीबाणीने या तुकड्यांची किंमत दाखवून दिली. अमृत नाहटा यांचा ‘किस्सा कुर्सी का’ हा राजकीय विडंबनपट १९७५ मध्ये सेन्सॉरकडे गेला आणि सरकारने तो ताब्यात घेतला. पुढे त्याच्या निगेटिव्ह आणि प्रती गुडगावच्या मारुती कारखान्याच्या आवारात जाळल्याचा खटला उभा राहिला. १९७९ मध्ये खालच्या न्यायालयाने संजय गांधी आणि विद्याचरण शुक्ल यांना शिक्षा सुनावली. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयात दोघेही सुटले. नाहटांना चित्रपट पुन्हा नव्याने बनवावा लागला. त्याच काळात आनंद पटवर्धन या तरुणाने बिहारच्या आंदोलनावर माहितीपट केला होता. तो देशात उघडपणे दाखवणे शक्य नव्हते. तेव्हा त्याच्या प्रतीचे तुकडे करण्यात आले, ते वेगवेगळ्या लोकांच्या हाती परदेशी गेले आणि तिकडे पुन्हा जोडले गेले. एक चित्रपट अखंड होता म्हणून एका जागी सापडला आणि जळाला. दुसरा कापला गेला म्हणून वाचला. कात्रीने जीव वाचवल्याचे असे उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही.

१९७७ ची निवडणूक आली आणि आपल्या आकाशवाणीवर पहिल्यांदा राजकीय पक्षांना बोलायला वेळ देण्यात आला. नभोवाणीवर बोलताना हे आवर्जून सांगायला हवे. त्याच फेब्रुवारीत दिल्लीच्या रामलीला मैदानावर विरोधकांची मोठी सभा होती. लोकांनी घरीच बसावे म्हणून दूरदर्शनवर ‘बॉबी’ लावण्यात आला, असे सांगतात. लोक ‘बॉबी’ सोडून सभेला गेले. पडद्याची ताकद केवढी आणि तिची हद्द कुठे, दोन्ही एकाच संध्याकाळी कळले.

१९८२ च्या आशियाई स्पर्धांबरोबर रंगीत दूरदर्शन आले आणि पाठोपाठ व्हिडिओ. इथे माझ्या मित्राची गोष्ट सुरू होते. बारामतीत एका फोटो स्टुडिओवाल्याने लग्नाच्या व्हिडिओ कॅसेटा काढायला सुरुवात केली, तिथे हा दिवे धरायला जाऊ लागला. मग कॅमेरा, मग जोडाजोड. फिल्मची कात्री इथे चालत नसे. दोन यंत्रे शेजारी ठेवायची. एकावर चित्रण चालवायचे, दुसऱ्यावर हवे तेवढे उतरवायचे. प्रत्येक वेळी उतरवताना चित्र थोडे फिकट व्हायचे. आणि मधला एखादा प्रसंग वाढवायचा झाला तर त्यापुढचे सगळे पुन्हा उतरवावे लागे. वऱ्हाडाच्या मधोमध राहिलेला मामा घालायचा तर पंगतीपासून पाठवणीपर्यंत सगळे नव्याने. तो म्हणतो, संयम मला मामांनी शिकवला.

याच सुमारास प्रचाराला चाके लागली. १९८४ च्या निवडणुकीत राजीव गांधींच्या काँग्रेसने व्यावसायिक जाहिरात संस्थेकडून वर्तमानपत्री मोहीम करून घेतली, तो एक टप्पा. १९८९ आणि १९९१ च्या निवडणुकांत गाडीवर पडदा बसवून गावोगाव फिरणारे ‘व्हिडिओ रथ’ निघाले. दिल्लीतल्या जैन स्टुडिओचे नाव त्यात पुढे होते. आमच्याकडे त्याची गरिबाघरची आवृत्ती आली. टेम्पोत टीव्ही, व्हीसीआर आणि जनरेटर. माझ्या मित्राने पहिली प्रचारफीत केली ती जिल्हा परिषदेच्या एका उमेदवाराची. त्याच्याकडे होती ती सगळी करामत लग्नाची. त्यामुळे उमेदवार बंधाऱ्यावर उभा आहे आणि त्याच्याभोवती बदामाच्या आकाराची चौकट उघडते आहे, वरून गुलाबाच्या पाकळ्या पडताहेत, असे ते दृश्य लोकांनी पाहिले. उमेदवार निवडून आला. पुढच्या वेळी त्याने बदाम मुद्दाम मागून घेतला.

१९९० च्या डिसेंबरमध्ये टी. एन. शेषन मुख्य निवडणूक आयुक्त झाले आणि आचारसंहितेला दात आले. भिंती रंगवणे, रात्री-बेरात्री भोंगे वाजवणे अवघड झाले. मग पैसा पडद्याकडे वळला. खासगी वाहिन्या वाढल्या, १९९९-२००० च्या सुमारास मराठीतही आल्या. संकलन संगणकावर गेले. आता मामा कुठेही घाला, पुढचे सारे आपोआप सरकते. चित्र फिके होत नाही. चूक झाली तर एक बटण दाबून मागे जाता येते. माझा मित्र पुण्यात एका स्टुडिओत रात्रपाळीला लागला. दिवसा साबणाच्या आणि बिस्किटांच्या जाहिराती, रात्री पुढारी.

२००४ ची निवडणूक या धंद्यातला मैलाचा दगड ठरली. ‘इंडिया शायनिंग’, मराठीत ‘भारत उदय’, ही चकाकती मोहीम देशाने पाहिली आणि निकालात सत्ताधारी आघाडी हरली. त्याच निवडणुकीत, १३ एप्रिल २००४ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की दूरचित्रवाणीवरची प्रत्येक राजकीय जाहिरात आधी समितीकडून प्रमाणित करून घ्यावी. त्यासाठी जाहिरातीच्या दोन प्रती आणि साक्षांकित संहिता अर्जासोबत द्यावी लागते. पुढे जिल्हा पातळीवर समित्या आल्या आणि समाजमाध्यमांवरच्या जाहिरातींनाही हाच नियम लागू झाला. एडिटरच्या कामात त्यामुळे एक नवा पाहुणा शिरला, वकील. कोणता शब्द राहील आणि कोणता जाईल हे आता दिग्दर्शकाइतकेच वकीलही सांगू लागला.

२०१२ मध्ये गुजरातच्या निवडणुकीत आणि २०१४ मध्ये देशभर नरेंद्र मोदींची ‘त्रिमितीय’ भाषणे झाली. स्टुडिओत बोललेला माणूस एकाच वेळी अनेक गावांच्या व्यासपीठांवर उभा दिसायचा. लोकांना जादू वाटली. युक्ती मात्र जुनी आहे. तिरक्या पारदर्शक पडद्यावर प्रतिबिंब पाडून भूत उभे करण्याचा खेळ जॉन पेपर यांनी १८६२ मध्ये लंडनच्या रंगमंचावर दाखवला होता. नवे होते ते चित्रणाचे आणि उपग्रहाचे तंत्र.

महाराष्ट्राने मात्र २०१९ मध्ये स्वतःची अशी एक भर घातली. लोकसभेच्या निवडणुकीत राज ठाकरे यांनी स्वतःच्या पक्षाचा एकही उमेदवार उभा न करता सभा घेतल्या आणि मागे मोठा पडदा लावला. “लाव रे तो व्हिडिओ” हे वाक्य पोराटोरांच्या तोंडी बसले. मेळघाटातल्या हरिसाल या ‘डिजिटल’ गावाच्या जाहिरातीत दिसलेला तरुण त्यांनी सोलापूरच्या सभेत प्रत्यक्ष व्यासपीठावर आणला. भाजपनेही उत्तरादाखल मुंबईत पडदा लावून ‘बघाच तो व्हिडिओ’ केले. इतिहासाच्या दृष्टीने यात महत्त्वाचे काय? तर पहिल्यांदाच सभेचा नायक वक्त्याइतकाच संकलक होता. जुने भाषण आणि आजचे वास्तव शेजारी ठेवायचे, हे कुलेशोवचेच काम. माझा मित्र त्या दिवसांत हरखून गेला होता. तो म्हणाला, “तीस वर्षे मी दोन तुकड्यांमधला सांधा लपवत आलो. या माणसाने सांधाच दाखवला आणि टाळ्या घेतल्या.” निकाल लागला तेव्हा ४८ पैकी ४१ जागा भाजप-शिवसेना युतीला मिळाल्या होत्या. ज्याला टाळ्या, त्यालाच मते, असे नसते.

आणि त्याच वर्षी, १८ ऑक्टोबरला, साताऱ्यात भर पावसात शरद पवार बोलले. त्या चित्रफितीत कसली करामत नव्हती. पाऊस, माईक आणि भिजणारा म्हातारा पुढारी. रात्र संपायच्या आत ती घराघरांतल्या फोनवर पोहोचली. आमच्याकडे ऊसतोडीच्या मुकादमापासून कॉलेजातल्या पोरीपर्यंत सगळ्यांनी ती पाहिली. तीन दिवसांनी मतदान झाले. राष्ट्रवादीला ५४ जागा मिळाल्या आणि साताऱ्याची पोटनिवडणूक श्रीनिवास पाटील यांनी जिंकली. श्रेय किती पावसाचे, किती उसाच्या दराचे आणि किती नाराजीचे, हे वेगळे करून सांगता येणार नाही. पण लाखो रुपयांच्या चित्रफिती धूळ खात पडल्या आणि न कापलेला एक तुकडा लोकांनी जपून ठेवला, ही गोष्ट खरी.

पुढे पक्षच कापले गेले. २०२२ मध्ये शिवसेना फुटली, २०२३ मध्ये राष्ट्रवादी. एडिटरांवर विचित्र काम आले. जुन्या चित्रफितींतून काल शेजारी उभा असलेला चेहरा आज काढायचा. घड्याळ चिन्हाचा वाद न्यायप्रविष्ट आहे, ही सूचना चित्रफितीतही द्यायची. १३ नोव्हेंबर २०२४ रोजी, विधानसभेच्या मतदानाला आठवडा उरला असताना, सर्वोच्च न्यायालयाने अजित पवार यांच्या पक्षाला सांगितले की शरद पवार यांची छायाचित्रे किंवा चित्रफिती, जुन्या असोत वा नव्या, वापरू नका. विचार करा. एका कुटुंबाचे, एका तालुक्याचे पन्नास वर्षांचे चित्रण, आणि त्यातला कोणता तुकडा कुणाचा, हा प्रश्न देशाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे. बारामतीत अनेक घरांत दोघांबरोबरचे फोटो एकाच भिंतीवर आहेत. तिथे कात्री कशी चालवणार?

इथे मला माझ्याविषयी थोडे बोलावे लागेल, कारण विषय तिथे येतो. माझ्या मित्राच्या संगणकात तयार दृश्यांचा साठा असतो. शेतकरी, महिला, तरुण, सैनिक अशी खाती. त्यात एक खाते माझ्या समाजाचे. मी एकदा ते उघडून पाहिले. गोल टोपी, नमाजाची रांग, शीरखुर्म्याची वाटी, बुरख्यातली मुलगी आणि तिच्या हातात लॅपटॉप. प्रत्येक प्रचारफितीत आमच्या वाट्याला तीन सेकंद. एखाद्या फितीत ती तीन सेकंद गोड संगीतावर येतात, म्हणजे सलोखा. दुसऱ्या फितीत ईदगाहवरची तीच रांग घुमणाऱ्या ढोलावर येते आणि पुढचा तुकडा असतो रिकाम्या रस्त्यावर धावणाऱ्या माणसांचा, म्हणजे भीती. रांग तीच, चेहरे तेच. कुलेशोवचा नट निदान पगार घेत होता. आम्ही फुकटात भीतीही होतो आणि सलोखाही होतो.

माझ्या वडिलांनी तीस वर्षे लेथ चालवला. डोक्यावर टोपी ईदला आणि मयतीला. रोज अंगावर असायचा तो ऑईलचा वास. असा मुसलमान मी प्रचारफितीत पाहिला नाही. लेथवरचा, उसाच्या फडातला, एसटीच्या स्टिअरिंगवरचा, शाळेत भूमिती शिकवणारा. एका मोहिमेत माझ्या मित्राने टोपीऐवजी यंत्रावर वाकलेल्या कामगाराचे दृश्य लावून पाहिले. वरून निरोप आला की यात ‘ते’ कुठे आहेत ते कळत नाही, बदला. त्याने बदलले, त्याचे पोट त्यावर होते. पण तो कापलेला तुकडा त्याने पुसला नाही. त्याच्या कपाटातल्या डिस्कवर तो अजून आहे.

आता शेवटचा टप्पा. आतापर्यंत कापायला काहीतरी लागत होते. माणूस बोललेला असावा लागे, कॅमेरा तिथे असावा लागे. फेब्रुवारी २०२० मध्ये दिल्लीच्या निवडणुकीत मनोज तिवारी यांची एक चित्रफीत यंत्राच्या मदतीने हरियाणवी आणि इंग्रजीत बोलती केली गेली. ओठ त्यांचे, वाक्ये मात्र त्या वेळी न बोललेली. जानेवारी २०२४ मध्ये तामिळनाडूत करुणानिधी पडद्यावर बोलले. ते २०१८ मध्येच वारले होते. ६ मे २०२४ रोजी, म्हणजे आमच्या बारामतीच्या मतदानाच्या आदल्या दिवशी, निवडणूक आयोगाने पक्षांना बजावले की अशा बनावट फिती लक्षात आल्यापासून तीन तासांत काढून टाका. आणि त्याच वर्षी १९ नोव्हेंबरला, विधानसभेच्या मतदानाच्या आदल्या रात्री, प्रचार थांबलेला असताना, बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे आणि काँग्रेसचे नाना पटोले यांच्या आवाजातल्या म्हणून काही ध्वनिफिती पसरल्या. सुळे यांनी तो आवाज आपला नसल्याचे सांगून तक्रार केली. तथ्यपडताळणी करणाऱ्यांनी तपासणीची साधने लावून त्यांतल्या काही फिती यंत्राने बनवलेल्या असाव्यात, असे सांगितले. पण पहाटे उठून मतदानाला निघालेल्या माणसाकडे कसले साधन असते?

माझ्या मते फरक इथे पडला. फिल्म कापली तेव्हा तुकडे खिळ्याला टांगलेले होते. टेप उतरवली तेव्हा मूळ टेप कपाटात होती. ‘लाव रे तो व्हिडिओ’ शक्य झाले ते जुने चित्रण कुठेतरी शिल्लक होते म्हणून. कुणी कितीही चतुराईने कापले तरी टाकलेला तुकडा साक्षीदार म्हणून मागे राहायचा. जी फीत कापून नव्हे तर शून्यातून बनते, तिला टाकलेले तुकडेच नसतात. तिला खोटे पाडायला आपल्याजवळ उरते ते फक्त खरे चित्रण. म्हणून खरे चित्रण जपणे हे आता हौशी लोकांचे काम राहिलेले नाही.

पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. २०२२ मध्ये ते आणि फिल्म्स डिव्हिजन, दोन्ही राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन करण्यात आले. सिनेमे आणि जुने वार्तापट जपण्याची जागा आपल्याकडे आहे. प्रचारफिती प्रमाणित करताना दोन प्रती आणि संहिता सरकारी समितीकडे येतातच. निवडणूक संपल्यावर त्यांतली एक प्रत अशा संग्रहात जावी, तारखेसह, मतदारसंघासह, आणि कुणालाही ती पाहता यावी. पक्षांनी मूळ, न कापलेले चित्रण काही वर्षे सांभाळावे, असा नियमही करता येईल. खर्च फार नाही. पुढच्या पिढीतल्या इतिहासाच्या विद्यार्थ्याला आपण कशाला भुललो, कशाला घाबरलो आणि कुणाला तीन सेकंदांत बसवले, हे त्यातून कळेल.

माझ्या मित्राने अलीकडे रात्रपाळी सोडली. जुन्या टेपांना बुरशी लागते, म्हणून तो त्या एकेक करून साफ करून संगणकावर उतरवतो आहे. त्यात लग्ने आहेत, सभा आहेत, पाकळ्यांखालचा तो उमेदवार आहे. प्रत्येक डिस्कवर तो साल, गाव आणि चित्रण कुणी केले ते लिहितो. आतापर्यंत सत्तावीस डिस्क झाल्या आहेत. बारामती-इंदापूरकडे कुणाच्या माळ्यावर अशा टेपा पडून असतील तर भंगारात देण्याआधी एकदा त्यांवरचे लेबल वाचून बघा.